चाळीस दिवसांची अंघोळ

माझं माहेर पाण्यात हाय. म्हणजे काय सांगू तुम्हाला, केरळात आलेप्पीकडं आमचं गाव, घराच्या पुढं कालवा, मागं कालवा, शाळेला जायचं तर होडीतून, शेजारणीला वाटीभर कालवण द्यायचं तरी होडीतून, आणि पावसाळ्यात तर पाणी आपणहून घरात भेटायला यायचं. अशा गावची मी अन्नम्मा, आणि संसार केला जळकोटच्या अंगाला, जिथं उन्हाळ्यात पाहुण्याला तांब्या दिला की तो किती पितो ते घरचे तोंड फिरवून बघतात. इथल्या लोकांना अन्नम्मा म्हणायला जमंना, त्यांनी माझं अनुसया केलं, मी पण ओ देत गेले. आता माहेरी गेलं आणि कुणी अन्नम्मा म्हणून हाक मारली की मीच मागं वळून बघते, कुणाला बोलवून राहिले म्हणून.

आमच्याकडं घरात चार मुली असल्या की एक तरी नर्स व्हायचीच. मी नांदेडच्या दवाखान्यात लागले तेव्हा मला मराठीची तीनच वाक्यं यायची, कुठं दुखतंय, सरळ झोपा, आणि रडू नका. या तीन वाक्यांवर माझं लग्न जमलं. आमचे हे, तुळशीराम, मलेरिया खात्यात होते, गावोगाव फिरून लोकांच्या बोटाला सुई टोचायचे, आणि त्यांनाच मलेरिया झाला, कुडकुडत माझ्या वॉर्डात आले. मी म्हटलं कुठं दुखतंय, ते म्हणाले सगळीकडं. मी म्हटलं सरळ झोपा. तिसरं वाक्य मी त्यांना म्हटलं न्हाई, ते पुढं त्यांनीच मला जन्मभर म्हटलं.

लग्न विहारात झालं, पंचशील म्हणून. माझ्या वडिलांनी पत्र पाठवलं की आमची मुलगी आम्हाला मेली. अम्मा मात्र चोरून लिहायची. तिनं जात इचारली न्हाई, धर्म इचारला न्हाई, घर किती खणाचं तेही न्हाई. एकच इचारलं, तिथं पाणी आहे का. आणि खाली लिहिलं, पाणी नसेल तर सांग, मी येऊन तुला घेऊन जाईन, तुझ्या वडिलांचं मी बघते.

मी ज्या वर्षी आले त्या वर्षी श्रावणात आमच्या वस्तीमागचा ओढा वाहत होता. तेवढं बघून मी लिहिलं, घरामागं नदी आहे. विहिरीचं पण लिहिलं. दर पत्रात ती नदी जराक मोठी होत गेली. एका पत्रात तर मी तिच्यात बदकं सोडली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि मी पोटुशी राहिले, दोन्ही एकदमच. ओढ्यात वाळू, विहिरीत दगड, लोक खडी फोडायच्या कामावर, घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत आमच्यात पण हाय, पण वडिलांचं दार बंद. तर अम्माचं पत्र आलं, मीच येते, चाळीस दिवस राहते. पत्र वाचून मी खाटेवर बसले ती उठलेच न्हाई. ह्यांनी इचारलं काय झालं, मी म्हटलं, नदी बघायला अम्मा येऊन राहिली.

ह्यांनी ते आत्याबाईला सांगितलं. आत्याबाई म्हणजे माझी सासू, गयाबाई, काटकुळी बाई, लहानपणापासून अनवाणी. मला वाटलं आता मला बोल लावील, खोटारडी म्हणील. ती भाकर थापत होती, थापतच राहिली, मग म्हणाली, विहीणबाईला पाणी किती लागतंय. एवढंच इचारलं.

किती लागतंय ते अम्मा आल्यावर कळलं. तीन दिवसांच्या प्रवासानं ती उतरली, बरोबर एक पोतं सालींचं अन् पाल्याचं, अन् खोबरेल तेलाचा डबा. मुलगी झाली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून सुरू. आमच्याकडं बाळंतिणीला चाळीस दिवस अंघोळ घालतात, अंघोळ म्हणजे तुमच्यासारखी न्हाई. अंगभर तेल, मग पाला घालून उकळलेलं पाणी, पहिला हंडा कमरेवर, दुसरा पाठीवर, तिसरा पोटावर, उंचावरून, जोरात. लेकराला वेगळं. अम्मा पाणी ओतताना हात आखडायची न्हाई, तिला ते माहीतच नव्हतं. माझ्या पाठीवरून ते वाहून तुराट्यांच्या कुडाखालून बाहेर जायचं, आणि बाहेर आत्याबाईनं खड्डा करून ठेवलेला, त्यातनं ती ते तेलाचं पाणी शेळीसाठी, भांड्यांसाठी वाटीनं उचलून घ्यायची. मला न्हाणीतून तिची वाटी वाजलेली ऐकू यायची.

ते पाणी यायचं कुठून? गावातल्या विहिरीवर आमच्या वस्तीचा नंबर शेवटी, तोवर तळाचा चिखल. सरकारी टँकर आला तर आला. म्हणून आत्याबाई दोन कोसावर एका पडक्या विहिरीवर जायची, तांबडं फुटायच्या आत एक खेप आणि दुपारी अम्मा लवंडली की दुसरी. आत उतरायचं, तळाशी बसून झरा वाटीनं खरडायचा, हंडा भरला की डोक्यावर घेऊन दगडांवरून वर. अम्मा उठायची तेव्हा दोन्ही रांजण तोंडोतोंड. अम्मा रांजणात डोकावून खूश व्हायची. नदीचं इचारलं तर मी म्हटलं उन्हाळ्यात ती पलीकडं सरकते. बदकांचं तिनं इचारलं न्हाई, माझ्यावर उपकारच केले.

तुम्ही म्हणाल, मी कामून बोलले न्हाई. बोलायला मीच एकटी होते ना, दोघींची भाषा येणारी. दोघी विहिणी अंगणात बसून तासन्‌तास बोलायच्या, ही मल्याळममध्ये, ती मराठीत, आणि दोघींचं जमायचं. अम्मा म्हणायची, पोरगी सुकली आहे, तिला मासे खायला घाला. आत्याबाई म्हणायची, हाव, लई ऊन हाय. मी आत पडून हसायची, आणि हसता हसता दर दिवशी म्हणायची, उद्या सांगते. भीती एकच, अम्मा मला आणि लेकराला उचलून घेऊन जाईल, आणि मी न्हाई म्हणू शकणार न्हाई. खरं सांगायचं तर मला थोडं जावंसं पण वाटत होतं. म्हणून जास्तच भीती.

एकविसाव्या दिवशी दुपारी आत्याबाई परत आली न्हाई. ह्यांनी अन् शेजारच्यांनी तिला घोंगडीत घालून आणली. विहिरीतून वर येताना पाय निसटला, हंडा एकीकडं, बाई एकीकडं. अम्मा धावत आली, मला म्हणाली, इचार काय झालं. मी इचारायच्या आत आत्याबाईनं घोंगडीतनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, सांग, न्हाणीत घसरले. लई पाणी सांडलं होतं.

मी ते जसंच्या तसं मल्याळममध्ये सांगितलं. अम्मा मला रागावली, म्हणाली, किती पाणी सांडता तुम्ही लोक, म्हाताऱ्या माणसाचं ध्यान ठेवायला नको का.

आता मी नर्स. खुबा मोडलेला मला बघताक्षणी कळला, एक पाय आखूड, तळवा बाहेर वळलेला, पुस्तकात चित्र असतंय तसा. तिला त्याच दिवशी नांदेडला न्यायला पाहिजे होतं. ह्यांनी मला इचारलं, नेऊ का. तिला नेलं तर हे तिच्यासंगं जाणार, मग उद्या पाणी कोण आणणार, रांजण रिकामे राहणार, अम्माला सगळं कळणार. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात. मी म्हटलं, हाडवैद्याला बोलवा. जी मी वॉर्डात बायांना तासत होते की हाडवैद्याकडं कामून गेला, ती मी. त्यानं येऊन पट्ट्या बांधल्या. मी कंदील धरून नुसती बघत उभी होते.

आत्याबाईच्या जागी मग हे पाणी आणू लागले, एकच खेप व्हायची. अम्मा आता तेल घेऊन आत्याबाईपाशी बसू लागली, पाय चोळायला, पट्ट्यांच्या खालून, हळू. पहिल्या दिवशी चोळलं, दुसऱ्या दिवशी चोळलं. तिसऱ्या दिवशी तिनं आत्याबाईचे तळवे मांडीवर घेतले आणि बघत बसली. भेगा होत्या, बोटं आत जातील अशा, आणि भेगांमधी निळसर चिखल वाळलेला. तसला चिखल आमच्या अंगणात नव्हता, न्हाणीत तर न्हाईच. विहिरीच्या तळाचा असतो तो, पाण्यात वाढलेल्या बाईला कळणार न्हाई का. तिनं खोबरेल घालून एकेक भेग साफ केली. आत्याबाईनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत जाऊन बसले, तर अम्मानं हंडा चुलीवरून उतरवून ठेवला. म्हणाली, आज अंघोळ नको. चाळीस दिवस झाले.

चोवीस झाले होते. मी नर्स, दिवस मोजणं माझं काम, आणि अम्मानं तर भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या. मी भिंतीकडं बघितलं, तिनं पण बघितलं, आणि ओल्या फडक्यानं त्या रेघा पुसून टाकल्या. म्हणाली, चाळीस झाले, आता मला जायला पाहिजे, तुझे वडील एकटे आहेत.

मी वाट बघत होते की ती म्हणील, चल. ती म्हणाली न्हाई. एस. टी.त बसायच्या आधी आत्याबाईच्या खाटेपाशी गेली, बराच वेळ तिचा हात धरून बसली. निघताना माझ्या कानाशी म्हणाली, या बाईला सोडून तू कुठं जायचं न्हाई. गेली ती अनवाणी गेली, तिच्या रबरी चपला खाटेखाली राहिल्या. मला वाटलं विसरली. आत्याबाईला वाटलं न्हाई. तिनं त्या घातल्या पण न्हाईत, चालायचं कुठं होतं.

पुढं लातूर जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, कचेऱ्या आल्या, आधी उस्मानाबादला जावं लागायचं ते लातूरला होऊ लागलं, माझी पण इकडं बदली झाली. मोठा दवाखाना झाला तेव्हा मी आत्याबाईला नेलं, हाडाचा फोटो काढला. तरुण डॉक्टर होता, फोटो उजेडाला धरून म्हणाला, आजीला पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर चालल्या असत्या. कोण होतं घरात, कुणाला कळलं न्हाई का. मी त्याच्यासमोर पांढऱ्या कपड्यात उभी. आत्याबाई म्हणाली, डॉक्टरसाहेब, घरी सगळी अडाणी माणसं.

अम्मा गेली. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. बहीण म्हणाली, तुझ्याकडून आल्यापासून अम्मा तांदूळ धुतलेलं पाणी कुणाला फेकू द्यायची न्हाई, घरापुढं कालवा असून. आणि गावभर सांगायची, माझ्या मुलीच्या घरामागं नदी आहे.

आता आम्ही क्वार्टरमधी राहतो. मुलगी तिच्या घरी गेली. हे रिटायर झालेत, नळाला कधी पाणी येतं ते कान देऊन ऐकत बसतात, तीच त्यांची ड्यूटी. नळ आला की मी बादली तापवते आणि आत्याबाईला न्हाणीत पाटावर बसवते. तेल लावते, खोबरेल, माझ्या गावचं. मग पाठीवर पाणी घालते, पहिला तांब्या, दुसरा, तिसरा. चौथ्याला तिचा हात वर येतो, बादलीच्या काठावर. म्हणते, पुरे कर अनू, झाले चाळीस.

मी म्हणते, हाव, झाले. आणि अजून एक घालते.