मंगळवारची अकरा लग्नं

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं शोधायचं तरी किती? अकरा वर्षं! अकरा वर्षं मी आमच्या आयर्लंडातल्या या क्लेअर जिल्ह्यातल्या सतरा चर्चची लग्नाची दफ्तरं वाचतोय, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, मान वाकडी ती वाकडीच राहिली... आणि अक्षर तरी कसलं, तुम्हाला सांगतो, पावसात कोंबडी कागदावरून चालत गेली असती तर जास्त सुवाच्य उमटलं असतं! त्यात सगळं लॅटिनमध्ये. पण लॅटिनची मला भीती नाही. अडतीस वर्षं शाळेत लॅटिनच शिकवलं, आणि प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं : लिहिलंय ते वाचा, हवंय ते वाचू नका. पोरं मागून माझी नक्कल करायची, 'लिहिलंय ते वाचाऽऽ', मला ऐकू यायचं. येऊ दे. वाक्य बरोबर होतं. निदान गेल्या मंगळवारपर्यंत तरी होतं.

तर शोधत काय होतो? एक ओळ. आमचा पणजोबा मायकल कॉन्सिडीन आणि पणजी ओनोरा मलोनी यांचं लग्न झालं, एवढी एक ओळ.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसांचं लग्न झालं काय नि न झालं काय! मीही म्हटलं असतं. पण माझी थोरली बहीण आहे, अट्रॅक्टा. अठ्ठावन्न साली ती बावीस वर्षांची होती आणि टेकडीखालच्या ख्रिस्टी हेहिरशी तिचं ठरलं होतं. हॉलचं भाडं भरलेलं, केकमधल्या मनुका व्हिस्कीत भिजत पडलेल्या. आणि ख्रिस्टीची आई उठून आमच्या स्वयंपाकघरात आली, चहाला हात लावला नाही, आणि म्हणाली, "पोरगी गुणी आहे हो, नाही कोण म्हणतंय? पण तिची पणजी टेकडीपलीकडून गाठोडं घेऊन आली ती आलीच. लग्न लावलं कुणी? कुठे? फादरना मी आपल्या चर्चची लग्नाची सगळी वही बघायला लावली. नाव नाही! आमच्या घरात असलं चालत नाही." झालं. ख्रिस्टी तेवीस वर्षांचा घोडा, पण "आई म्हणते..." याच्या पुढे त्याची गाडी जाईना. वर्षभरात त्यानं एनिसटायमन गावची मुलगी केली. अट्रॅक्टानं कुणालाच केलं नाही. मनुका मात्र आईनं सहा महिने तशाच ठेवल्या होत्या. मी तेव्हा सोळा वर्षांचा, पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. काही बोललो नाही. काय बोलणार होतो? पण बोललो नाही, हे खरं.

पंचावन्न वर्षं ती या विषयावर एक शब्द बोलली नाही. मग खुब्याचं हाड मोडलं, वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, आणि पहिल्याच आठवड्यात म्हणते, "मॅलकी, तू एवढा शिकलास. तुला एक ओळ सापडत नाही?"

आता आमच्याकडे लग्न लागतं नवरीच्या गावच्या चर्चकडून. शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ख्रिस्टीच्या आईनं बघायला लावली ती वहीच चुकीची, हे मी पहिल्या दिवशी हेरलं आणि स्वतःवर खूश झालो. पण ओनोराचं गाव कुठलं? टेकडीपलीकडे! टेकडीपलीकडे सतरा चर्च आहेत हो! मग बसलो वाचत. कुठे उंदरांनी खाल्लेलं पान, कुठे 'नवरानवरी नात्यातली, बिशपच्या परवानगीनं' अशी टीप, कुठे फादरनं लग्नाऐवजी बटाट्याच्या रोगाबद्दलच लिहून ठेवलेलं. लिहिलंय ते वाचा, हवंय ते वाचू नका... वाचलं. आणि ज्या पानावर ती ओळ होती, ते पान मी तीनदा उलटलं! तीनदा!

कारण ऐका. ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस लग्नं बंद. म्हणजे ज्यांना घाई, ते सगळे त्याच्या आदल्या मंगळवारी. अठराशे बेचाळीसच्या त्या मंगळवारी टेकडीपलीकडच्या किलब्रॅक गावच्या फादरनं एका दिवसात अकरा लग्नं लावली, घरोघरी जाऊन, आणि प्रत्येक घरी एकेक पेला. नाही म्हणायची सोय नाही, अपमान होतो. अकरा घरं, अकरा पेले, आणि मग बसला वही लिहायला! सातवी ओळ : पॅट्रिक हेहिर आणि ओनोरा मलोनी, साक्षीदार मायकल कॉन्सिडीन, ब्रिजिड ग्लीसन. आठवी ओळ : मायकल कॉन्सिडीन आणि ब्रिजिड ग्लीसन, साक्षीदार पॅट्रिक हेहिर, ओनोरा मलोनी.

कळलं का? दोन मित्र, एकमेकांचे साक्षीदार, आणि फादरनं वहीत नवऱ्या मुलींची अदलाबदल केली! मी दर वेळी 'ब्रिजिड' वाचून पुढे गेलो. म्हटलं, दुसरा कुणी कॉन्सिडीन असेल, कॉन्सिडीन काय, दगड मारावा तिथे लागतो. आणि ख्रिस्टीच्या पणजोबाची, त्या हेहिरांची ओळ मी कशाला वाचू? चौथ्या वेळी वाचली. मग बाप्तिस्म्याची वही काढली : पुढच्या वीस वर्षांत मायकल आणि ओनोराची सात पोरं, पॅट्रिक आणि ब्रिजिडची नऊ. म्हणजे चूक फादरचीच... असं मला वाटतं. रात्रभर वाटतं. पहाटे वाटतं, आणि फादर शुद्धीत असला तर? लग्नं लिहिलीत तशीच लागली असली, आणि चौघांनी नंतर आपसात... नाही! नको!

आता हे अट्रॅक्टाला सांगू कसं? कागदाप्रमाणे तिच्या पणजीचं लग्न झालं, पण कुणाशी? हेहिरशी! ज्या घरानं तिला नाकारलं त्या घराशी!

गेल्या मंगळवारी वृद्धाश्रमात गेलो. ती खिडकीशी, शाल पांघरून. त्या पानाची प्रत हातात घेतली, तिला आता दिसत तर नाहीच, नुसता हात फिरवला. म्हणाली, "वाच." आणि तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षं ज्या चुकीला मी शून्य मार्क दिले, ती मी केली. लॅटिनमध्ये, स्वच्छ उच्चारात : "मायकल कॉन्सिडीन आणि ओनोरा मलोनी."

मग म्हणते, "साक्षीदार कोण?"

"पॅट्रिक हेहिर. आणि ब्रिजिड ग्लीसन."

"म्हणजे हेहिर तिथे उभे होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी..." मग म्हणाली, "ख्रिस्टीला बोलाव."

हो, तोही तिथेच आहे. बायको गेल्यापासून, तीन खोल्या सोडून. रोज एका टेबलावर सूप पितात दोघं आणि हवापाण्याबद्दल बोलतात. तो चाकांचा वॉकर ढकलत आला. आणि मला घाम फुटला, कारण ख्रिस्टी लहानपणी फादरच्या हाताखाली वेदीवर सेवेला होता, प्रार्थना तेव्हा सगळी लॅटिनमध्ये, म्हणून लॅटिन नावं त्याला माझ्याइतकीच वाचता येतात!

चष्मा लावला. बोट ठेवलं सातव्या ओळीवर. मग आठव्या. मग परत सातव्या. मी भिंतीवरच्या पोपच्या तसबिरीकडे बघत होतो.

"लिहिलंय," ख्रिस्टी म्हणाला. "तुमच्यांचं लग्न झालं, अट्रॅक्टा. आमचे साक्षीला होते. आईचं चुकलं." आणि चष्मा काढून, "माझंही."

"सूप थंड होईल तुझं," अट्रॅक्टा म्हणाली. एवढंच. पण प्रत तिनं उशीखाली ठेवली.

दारापर्यंत तो माझ्याबरोबर आला. हळूच म्हणतो, "काय रे मॅलकी, या कागदानं तुमची पणजी ती आमचीही पणजी होते की! अठ्ठावन्न साली सापडला असता, तर आईनं काय म्हटलं असतं? 'रक्ताचं नातं, बिशपची परवानगी आणा!'"

मी म्हटलं, "बिशपनं दिली असती की."

"बिशपनं दिली असती रे," ख्रिस्टी म्हणाला, "आईनं दिली नसती."