साडूने सांगितलेला सोडून कुठलाही

...नाही, मला एक सांगा, हवेला लागतं काय हो? फुंकर मारली की निघते! पण तीच विकत घ्यायला गेलो तर ह्या लोकांनी माझा जो छळ मांडला, तुम्हाला सांगतो, वैऱ्याचाही होऊ नये.

झालं काय, मुलीला बाळ होणार होतं, आणि घरामागच्या खोलीत, जिला आमची ही अडगळ म्हणते आणि मी वर्कशॉप, तिथे मी स्वतःच्या हाताने पाळणा केला. एक खिळा नाही, सगळे सांधे! आता असल्या पाळण्याला ब्रशचे फराटे मारायचे? गनने फवारला पाहिजे रंग. गनला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर, संपला विषय. हवाच पाहिजे होती हो मला, राज्य नको होतं.

दुकानात गेलो. दुकानदार विचारतो, "काम काय आहे?" म्हटलं, पाळणा रंगवायचाय. "अच्छा... घरगुती," असं म्हणाला, की डॉक्टरसुद्धा वाईट बातमी ह्याहून बऱ्या आवाजात देतात. मग म्हणे, "हा बघा, ह्याला चाकं आहेत." चाकं कशाला? "फिरवायला." कुठे फिरवू, बागेत? घरी येऊन इंटरनेटवर लोकांची मतं वाचली, तर एक महाशय लिहितात, "पाच तारे. अजून उघडला नाही, पण खोका मजबूत आहे." अरे, मग तारे कुणाला दिलेस, पुठ्ठ्याला? असली माणसं मतं देतात, आणि आपण चष्मा पुसून पुसून वाचतो! माझी निवड होईपर्यंत बाळ जन्मालाही आलं. त्याने तरी किती थांबायचं?

आणि मग आला साडू. साडू म्हणजे आमच्या हिच्या बहिणीचा नवरा. ह्या माणसाचं आयुष्यात काही बरोबर निघालेलं नाही. ह्याने सांगितलं म्हणून गच्ची दुरुस्त केली, ती तेव्हापासून गळते. ह्याने सांगितलेल्या जवळच्या रस्त्याने एका लग्नाला गेलो, तर पोचेपर्यंत मांडववाले खुर्च्या उचलत होते. तो सोफ्यावर बसून दात कोरत म्हणतो, "भाऊसाहेब, पट्ट्यावर चालणारा घ्या, तेलाचा. बोंबलतो फार, पण दम असतो. टाकीवर जाऊ नका, मिनिटाला हवा किती देतो ते बघा. गन फार हवा खाते."

मी शांतपणे ऐकून घेतलं, आणि तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं स्वच्छ झालं. आता काय घ्यायचं ते कळलं ना! बिनतेलाचा, बिनआवाजाचा, टाकी ही एवढी मोठी. दुकानदाराने चालू करून दाखवला, म्हणे "येतोय का आवाज?" नाही येत. "तेच तर." घेतला! हवाच पाहिजे होती हो मला, आरडाओरडा कशाला?

मुलगी बाळाला घेऊन यायची त्याच्या आदल्या दिवशी रंगवायला घेतलं. पहिली बाजू... आरसा! हिला हाक मारून दाखवली. दुसऱ्या बाजूला वळलो, तर गनला धाप लागली. फुस्... फुस्... टाकी रिकामी, मशीन आपलं गुणगुणत बसलंय, आणि रंग थेंबाथेंबाने उडतोय. नातवाच्या पाळण्याला गोवर उठला! ही म्हणते, "भाऊजींना फोन करू का?" म्हटलं, अजिबात नाही. तिने माझ्यासमोरच लावला.

तो आला, आपलं बोंबलणारं धूड गाडीत घालून आला. पॉलिश पेपरने सगळा गोवर घासून काढला, आणि पाळणा असा रंगवला की त्यात मला माझंच तोंड दिसायला लागलं. ते तेव्हा बघण्यासारखं नव्हतं. आणि एक शब्द बोलला नाही हो! एरवी तोंड बंद नसतं, तेव्हाच नेमका गप्प. लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू.

पुढे ऐका. मुलगी आली, रंग पक्का वाळू दिला, आणि मग बाळाला पाळण्यात घातलं. त्याने असा टाहो फोडला, की शेजारीण विचारायला आली. झोके दिले, गाणी झाली, छे! मी वैतागून वर्कशॉपमध्ये गेलो, म्हटलं हे मशीन विकून टाकतो, निदान चालतंय का बघू. बटण दाबलं, मशीन गुणगुणायला लागलं, आणि घर एकदम शांत. बंद केलं, की टाहो. मुलगी आतून ओरडली, "बाबा, बंद करू नका!"

तेव्हापासून रोज दुपारी बाळ वर्कशॉपमध्ये, गादीवर, त्या गुणगुणीत झोपतं. पाळण्यात कपड्यांच्या घड्या असतात. टाकी भरली की मशीन थांबतं, म्हणून नळ जरासा उघडा ठेवून मी शेजारी बसतो. हवाच पाहिजे होती ना? बसलोय सोडत.

परवा साडू आला. दारातून बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, बरं झालं माझं ऐकलं नाहीत. माझ्या मशीनजवळ पोर झोपलं नसतं."

दुसऱ्यांदा बरोबर निघाला मेला.