आकाशपाळण्यातली तालीम

पोरांना घेऊन मुंबईच्या त्या राइडवाल्या मोठ्या पार्कात जाताय ना? मग आमच्या नानांची पद्धत ऐका. नाना म्हणजे माझे वडील. आम्ही लहान होतो तेव्हा ते पार्क नवीनच निघालं होतं. जायच्या आधी कोणाला चक्कर येते ते बघायला नानांनी सगळ्यांना शिंदखेड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसवलं. चक्कर आली ती त्यांनाच! खाली उतरेपर्यंत आईचा हात घट्ट धरून बसले, तोही चारचौघांत, पहिल्यांदाच.

पुढे पार्कात गेलो, तर नाना फक्त लहान पोरांच्या झुकझुक गाडीत बसायला तयार. आई शेजारी बसली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

आई लाजून म्हणाली, "आहो, गाडी आजून चालू बी नही व्हयनी!"

नाना समोर बघत म्हणाले, "तयारी पहिलेपासून करनी पडस."