निरवांगीचा गार तुकडा

हसू नका, पण हल्ली मी बारामतीच्या ऑफिसात बूट बाहेर काढून बसतो.

आमच्या फायबर केबलमधून प्रकाश सोडतात. केबल तापली की तो वेगळा पसरतो, त्यावरनं मशीन सांगतं जमिनीखाली कितव्या मीटरवर केबल किती तापलीय. मे महिन्यात अख्खी लाईन तापलेली, आणि निरवांगीत एका शेताखाली माणसाच्या उंचीएवढा तुकडा गारठलेला!

भर दुपारी तिथं गेलो. शेताचे मालक तात्या म्हणाले, "हितं आमी पायताण काढतो. तुमी बी काढा."

"का हो?"

"ठाव न्हाय. आजा काढायचा, म्हणून आमी."

मला हसू आलं. बुटासकट उभा राहून खड्डा खणला. माती कोरडी, केबल धडधाकट. खड्डा बुजवून निघालो, तर तात्या माझ्या बुटांकडं बघत हळूच म्हणाले, "आता त्याला तुमी म्हाईत झाला."

दुसऱ्या दिवशी मशीन लावलं. निरवांगीची केबल तापलेली, आणि तेवढाच गार तुकडा बारामतीच्या दिशेनं कळंबला सरकलेला. रोज पुढं सरकत काल तो बारामतीजवळच्या पिंपळीत आला.

आज मशीन लावायचा धीर झाला नाही. ती केबल माझ्या टेबलाखाली संपते.