विहिरीच्या वरच्या अंगाला

(लालबागमधली चाळीतली खोली. आईचं तेरावं कोकणात उरकून दौलत आणि धाकटा हितेंद्र सकाळीच परतलेत. मधल्या भावाची विधवा शेवंती डोळे तपासायला सोबत आलीय. ती संध्याकाळी परत निघेल.)

दौलत : ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मी जाहीर करतो, आजपासून आपल्या गावात एकही परका माणूस पाऊल ठेवणार नाही.

शेवंती : दादानू, तुमी गणपतीत दोन दिवस येतास. तेवढे चलतले मां?

हितेंद्र : दादा, जरा चिल. दहाव्याला कावळा शिवला नाही, त्यात माझ्या मोटरहोमवाल्यांचा काय दोष?

दौलत : सगळा तुझाच दोष. आपल्या माडांच्या बागेत त्या गाड्यांचा तळ तू उघडलास. पिंडासमोर मी तंबाखू सोडली, कावळा हलेना. तुझ्याशी धरलेला अबोला सोडला, तरी हलेना. शेवंतीला मिक्सर कबूल केला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आईची काय इच्छा राहिली, या विचाराने झोप उडालीय माझी.

शेवंती : इच्छा कसली? कावळ्यांची पोटां भरलेली. गाडीवाल्यांनी टाकलेली बिर्याणी खाऊन माडार बसले होते.

हितेंद्र : पण क्राउड डीसेंट आहे हां, वयनी. बेड, फ्रिज, टॉयलेट, सगळं गाडीतच. गावाला झीरो त्रास.

दौलत : आणि ते टॉयलेट ओततात कुठे?

हितेंद्र : त्याची एक सिस्टीम असते.

शेवंती : सिस्टीम आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाक असा.

दौलत : ऐक. आईला न्यायला वाट नव्हती रे त्या गाड्यांतून. तिरडी खांद्यावर, आणि मी काचा ठोकतोय. एकाने आतून विचारलं, लोकल फेस्टिव्हल आहे का, व्हिडिओ काढला तर चालेल?

हितेंद्र : ते चुकलंच त्यांचं, मी फीडबॅक देतो. पण उद्घाटनाचा नारळ कोणी फोडला? भाषण कोणी ठोकलं?

दौलत : पांढरी गाडी, आत खाट. मला वाटलं फिरता दवाखाना आहे. गावात डॉक्टर नाही म्हणून सगळ्यांसमोर तुझे आभार मानले मी, नालायका.

शेवंती : आयेन शेवटाक विहिरीचा पाणी मागल्यान. मी कळशी सोडलंय तर वास इलो. मगे त्यांच्याच गाडीतली बाटली मागून आणलंय. एक घोट घेतल्यान आणि म्हणाली, ह्या आपला न्हय.

दौलत : हे तू तिथे का नाही बोललीस?

शेवंती : तुमी कावळ्याक एकेक कबूल करीत होतास. मदी कशी बोलू?

हितेंद्र : बंद करतो, वयनी. शप्पथ. हा सीझन संपला की लगेच.

दौलत : सीझन? ऊठ. आधी माझ्या खोलीतून बाहेर हो.

शेवंती : भांडाण मागसून करा, दादानू. नळ जाण्याआधी ह्यो कॅन तेवढो भरून ठेवा. गावाक न्हेतंय.