अर्धा पगार

कोरोनात विमानं बंद पडली ना, तेव्हाची गोष्ट. खर्च वाचवायला ताईच्या विमान कंपनीनं तिला अर्ध्या पगारावर हिंगणघाटला घरी पाठवलं. आमचे बाबा रिटायर्ड बाबू, म्हणजे संशयाचं दुकान.

"खरं सांग पोरी, काय घोळ केला?"

"बाबा, विमानंच उभी आहे. सगळ्यायचाच पगार कापला."

"मले नको शिकवू. अर्धा पगार देऊन घरी बसवते म्हणजे निलंबन. चौकशी लागली असन."

ताई रडायलाच लागली. माझी सटकली. कॉलेज सोडल्यापासून या घरात मला कोणी काही विचारत नाही, तर मीच विचारलं, "बाबा, निलंबनाचा नियम तुम्हाले इतका पाठ कसा?"

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू पाळण्यात होता तवा सायबानं याहिले बसवलं होतं ना घरी. पैसे खाल्ले म्हणून."