शटरं वर केली का?

...आणि वर लोक विचारत होते, सुट्टी कशी झाली, लिबोरियो? सुट्टी! गेल्या वर्षी आठ दिवसांत तीन शहरं ठरवली होती, सेव्हिया, कोर्दोबा, मालागा, सगळीकडे भट्टीसारखं ऊन, आणि मला विचाराल तर घाम फुटला तो उन्हाने नाही. मी भित्रा नाही हो, तुम्हाला सांगतो, पण ऑगस्टमध्ये घर बंद ठेवून जायचं म्हणजे चोरांना आमंत्रणपत्रिकाच की नाही? आमचं सगळं बुर्गोस शहर रिकामं, जिन्यात चिटपाखरू नाही, आणि खिडक्यांची शटरं आठवडाभर खाली दिसली की शेंबडं पोरसुद्धा ओळखेल, हे गेले समुद्रावर!

म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही. खाली बारवाला एलादिओ, रोज सकाळी त्याच्याकडे कॉफी पितो, त्यालाही नाही. बॅगा कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत घातल्या आणि सकाळी सहाला, कचरा टाकायला निघाल्यासारखा चेहरा करून, स्टेशनवर. माझी बायको विसी सबंध रस्ता माझ्यापासून दहा पावलं लांब चालत होती.

किल्ली दिली समोरच्या दोन्या तोमासांना, दोन्या म्हणजे आपलं बाई. वय एकोणऐंशी, एकट्या राहतात, नवरा सातुर्निनो जाऊन नऊ वर्षं झाली. काम एकच, सकाळी आमची शटरं वर, रात्री खाली. त्यांच्याकडे मोबाइल नाही, भिंतीवरचा फोन. म्हणून सेव्हियाला उतरल्याउतरल्या मी फोन लावला, ‘शटरं वर केली का?’ केली. जेवणाआधी पुन्हा, ‘वर आहेत ना?’ आहेत रे बाबा. मग म्हणतात, ‘हां, तुझ्या दाराच्या फटीत एक प्लास्टिकचा तुकडा होता बघ, एवढासा. पडला. टाकला मी केरात.’

माझ्या हातातला गार सुपाचा पेला तिथेच थांबला. तुम्हाला माहीत असेलच, चोर असा तुकडा दारात अडकवून जातात. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात, तुकडा जागेवर असला तर दार उघडलेलं नाही, म्हणजे घरात कुणी नाही! मी ओरडलो, ‘दोन्या तोमासा, नुसती शटरं पुरत नाहीत आता! घरात माणसं आहेत असं वाटलं पाहिजे. दिवा लावा, टीव्ही लावा, आवाज करा, काय वाटेल ते करा!’ त्या शांतपणे ‘बरं’ म्हणाल्या. त्या ‘बरं’नेच तर मी मेलो.

कारण कोर्दोबाला फोन उचलेनात. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री नाही. आणि कोर्दोबात, तुम्हाला सांगतो, त्या उन्हापायी दुपारी गावभर शटरं खाली, गल्लीच्या गल्ली! मला प्रत्येक घर लुटल्यासारखं दिसायला लागलं. विसी म्हणते, ‘अरे, बघ तरी, कुंड्या किती सुंदर आहेत.’ कसल्या कुंड्या? माझ्या डोळ्यांपुढे दोन्या तोमासा आमच्या स्वयंपाकघरात आडव्या पडलेल्या. चोराने ढकललं असेल, शिडीवरून पडल्या असतील, आणि कुणामुळे? माझ्यामुळे! मी भित्रा नाही हो, पण त्या रात्री विसीचा हात धरून झोपलो, आणि सकाळपर्यंत तिचा हात बधिर.

मालागात शेवटी राहवेना. समुद्रावर, सळीला लावलेले सार्डिन मासे भाजताहेत, विसीने नुकता पहिला घास तोंडात घातलाय, आणि मी एलादिओला फोन केला. आवाज खाली करून विचारलं, ‘एलादिओ, माझ्या घराकडे जरा बघशील का?’

‘बघायचं काय? तू वरच आहेस ना?’

‘का? काय झालं?’

‘काय व्हायचंय? आत्ताच तर विसी तुझ्यावर ओरडली बाल्कनीतून, “लिबोरियो, ऐतखाऊ, कचरा खाली ने!” चार दिवस चाललंय. अख्खा बार हळहळतो तुझ्यासाठी.’

मी विसीकडे बघितलं. विसी सार्डिन खात होती. आता सांगा, माझ्या घरात कोण? माझं नाव माहीत असलेले चोर! विसीला सांगितलं तर म्हणते, ‘बरंय की. निदान चोर तरी तुला कामाला लावताहेत.’ पण सार्डिन अर्धं टाकून आधी उठली तीच.

निघालो तसेच. माद्रिदला गाडी बदलून संध्याकाळी घरी. जिन्यात मी पुढे, हातात छत्री. दार उघडतोय तोच आतून गर्जना, ‘लिबोरियो! पाय पुसून ये!’

मी पुसले. खरंच पुसले.

आत टीव्ही बोंबलतोय, तारेवर माझ्या चड्ड्या वाळताहेत, आणि बाल्कनीत विसीचा गाऊन घालून दोन्या तोमासा, धडधाकट! मी त्यांना मिठीच मारली. त्या म्हणतात, ‘तूच म्हणालास ना, आवाज करा? मग म्हटलं, इथेच मुक्काम टाकावा.’

आणि तेवढ्यात जिन्यातून विसीची हाक आली. दोन्या तोमासांचं दार अर्धवट उघडं, कुलूप फोडलेलं. टीव्ही गेला, टांगलेली हॅमची तंगडी गेली. त्यांची शटरं चार दिवस खालीच होती. ती कोण वर करणार? त्या तर आमच्याकडे राहत होत्या!

मला तोंड वर करवेना. म्हटलं, ‘चुकलो मी.’ त्यांनी मनगटावरचं सातुर्निनोचं घड्याळ चाचपलं, ते हातात होतं म्हणून वाचलं. म्हणाल्या, ‘जाऊ दे रे. नऊ वर्षांत कुणावर ओरडले नव्हते मी. फार बरं वाटलं बघ.’ विसी रडली. मी पण, थोडासा, छत्रीआड.

तेव्हा विसीने ठरवलं ते ठरवलं. या ऑगस्टमध्ये त्या दोघी गेल्यात कादिसला, समुद्रावर, आणि मी इथे. सकाळी दोन्ही घरांची शटरं वर, रात्री खाली. दर तासाला त्यांचा फोन, ‘शटरं वर केली का?’ आणि आठ वाजले की बाल्कनीत उभं राहून, विसीच्या आवाजात, माझ्यावरच ओरडायचं, ‘लिबोरियो, ऐतखाऊ, कचरा खाली ने!’ खालून एलादिओ म्हणतो, ‘बिचारा.’

आणि खरं सांगू? मी निमूट पिशवी उचलतो आणि खाली जातो. मी भित्रा नाही हो... पण इतकं ओरडल्यावर कोण नाही जाणार?